बाजार हेलकावे खात असताना रीबॅलन्सिंग: किती, कधी आणि कुठल्या पैशातून?

ताळेबंद

बाजार आपटला की सल्ले दोनच फिरतात: ‘गप्प बसा’ आणि ‘घेत राहा’. किती घ्यायचं, कुठल्या खिशातून, कुठल्या दिवशी, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा फक्त रीबॅलन्सिंगच्या, म्हणजे इक्विटी आणि डेटचं ठरलेलं प्रमाण बिघडलं की पैसे हलवून ते परत जुळवण्याच्या, हिशोबाला वाहिलेला. बाजार उद्या कुठे जाईल यावरचं भविष्य कृपया दुसऱ्या धाग्यावर.

उदाहरणाला २० लाखांचा पोर्टफोलिओ धरू. इक्विटी (शेअर आणि शेअरांचे फंड) ६० टक्के, म्हणजे १२ लाख. पीपीएफ, ठेवी, डेट फंड (रोख्यांचे फंड) मिळून ४० टक्के, म्हणजे ८ लाख; हा झाला ‘डेट’. सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी यात धरलेली नाही. पुढच्या तीन वर्षांत हमखास लागणारा पैसा (फ्लॅटचं डाउन पेमेंट, कॉलेजची फी) तोही नाही. तो जर इक्विटीत अडकलेला असेल तर आधी त्याचं बघा, खालचं सगळं नंतर वाचा.

पट्टा असा: इक्विटी ५५ टक्क्यांच्या खाली किंवा ६५ च्या वर गेली तरच हात लावायचा. पुष्कळांना वाटतं की पाच टक्क्यांचा पट्टा म्हणजे बाजार पाच टक्के हलला की कामाला लागायचं. तसं होत नाही. इक्विटी पडते तशी एकूण बेरीजही घटते, त्यामुळे हिस्सा सावकाश उतरतो. ६० चे ५५ व्हायला इक्विटी १८.५ टक्के पडावी लागते: १२ लाखांचे ९.७८ लाख, बेरीज १७.७८ लाख, भागाकार ५५ टक्के. वरच्या बाजूला ६५ गाठायला २३.८ टक्के चढ लागतो.

हा पट्टा आता खऱ्या घसरणींवर ठेवून बघा. २६ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी ५० चा (पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, म्हणजे इंडेक्स) बंद भाव २६,२१६ होता, तो मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,१०० च्या खाली आला. घसरण सुमारे १६ टक्के. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने लाल, १९९६ नंतर पहिल्यांदाच. टीव्हीवर हाहाकार. आणि नुसता निफ्टीचा फंड असलेल्या ६०:४० वाल्याला करायचं होतं काय? काहीही नाही.

२०२० ची गोष्ट निराळी. जानेवारीतला १२,३६२ चा बंद भाव २३ मार्चला ७,६१० झाला. घसरण ३८ टक्के. पट्टा पहिल्यांदा तुटला १२ मार्चला आणि तेव्हा हिशोबाप्रमाणे पैसे हलवले असते तर दुसऱ्यांदा तुटला असता २३ मार्चला. मधे फक्त अकरा दिवस. रकमा बघा: १८.५ टक्क्यांच्या पातळीला ८९ हजार हलवायचे, तिथून आणखी तेवढीच टक्केवारी पडल्यावर (शिखरापासून मोजली तर ३३.६ टक्के) आणखी ७९ हजार. दोन्ही मिळून १ लाख ६८ हजार. एवढ्या भयानक पडझडीतही ८ लाखांतून जेमतेम एक पंचमांश. ‘सगळं ओता, अशी संधी पुन्हा नाही’ असं जे सांगतात ते रीबॅलन्सिंग सांगत नाहीत, ते तुमचं प्रमाणच बदलायला लावतात.

---

खडखडीत

हिशोब पटला. पण ८ लाखांत ईपीएफ धरलाय का? बऱ्याच नोकरदारांचा बराचसा ‘डेट’ तिथेच असतो आणि बाजार पडला म्हणून ईपीएफओ काही पैसे हातात ठेवत नाही.

---

ताळेबंद

प्रमाण काढताना ईपीएफ, पीपीएफ धरायचेच. नाहीतर आपण ६०:४० समजतो आणि प्रत्यक्षात ४०:६० असतो. पण हिशोबाच्या शीटमध्ये इक्विटी आणि डेटच्या जोडीला तिसरा रकाना ठेवा: ‘हलवता येईल असं किती’. ८ लाखांपैकी साडेपाच ईपीएफ-पीपीएफमध्ये असले तर हलते अडीच लाख उरतात, वरचे १.६८ लाख त्यातून निघतात. हलता पैसा दीड लाखच असेल तर दुसऱ्या खेपेला खिसा अपुरा. मग पट्टा ७ किंवा ८ टक्क्यांचा ठेवा, म्हणजे एकच खेप होईल, किंवा पुढचे काही महिने नवी गुंतवणूक इक्विटीत वळवा.

ज्यांचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे त्यांच्याकडे एक सोपा मार्ग आहे. ॲक्टिव्ह चॉइसमध्ये (प्रमाण स्वतः ठरवायचा पर्याय) इक्विटी आणि रोख्यांचं प्रमाण आर्थिक वर्षात चार वेळा बदलता येतं आणि त्या बदलावर कर लागत नाही. म्युच्युअल फंडात हाच बदल विक्री ठरतो. तेव्हा जिथे कर नाही तिथून सुरुवात करावी.

---

मोजूनमापून

धागा छान. वाचनखूण साठवली.

मासिक गुंतवणुकीचा मुद्दा थोडा वाढवतो. महिन्याला २५ हजार जात असतील तर ६०:४० प्रमाणे १५ आणि १० असे विभागले जातात. इक्विटी ३० टक्के पडली असं धरा: ८.४ लाख, बेरीज १६.४, हिस्सा ५१.२, ६० टक्क्यांपासूनची तूट १ लाख ४४ हजार. काही न विकता सगळे २५ हजार इक्विटीत वळवले तर महिन्याला १० हजार जादा जातात आणि तूट भरायला चौदा-पंधरा महिने लागतात. २०२० मध्ये निफ्टीने जानेवारीचं शिखर नोव्हेंबरमध्येच ओलांडलं होतं. म्हणजे २० लाखांच्या पोर्टफोलिओला एसआयपीचं (दरमहा आपोआप जाणाऱ्या गुंतवणुकीचं) वल्हं पुरत नाही.

पण पोर्टफोलिओ ५ लाखांचा असेल आणि मासिक रक्कम तीच, तर तूट ३६ हजार. चार महिन्यांत काम झालं, विक्री नाही, कर नाही, एक्झिट लोड (मुदतीआधी विकल्याचं शुल्क) नाही. ढोबळ खूणगाठ: वर्षाची गुंतवणूक पोर्टफोलिओच्या पाव भागाहून जास्त असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका.

एक तांत्रिक गोष्ट. चालू एसआयपीची रक्कम मधेच वाढवणं बऱ्याच ठिकाणी जमत नाही, जुनी बंद करून नवी सुरू करावी लागते आणि नवीन मँडेट (खात्यातून पैसे कापायची परवानगी) बँकेत नोंदवायला दिवस जातात. त्यापेक्षा एसआयपीला हात न लावता वरचे १० हजार वेगळी एकरकमी खरेदी म्हणून टाका.

---

कागदोपत्री

कराबद्दल लिहितो. इथे घाईत झालेल्या चुका नंतर विवरणपत्र भरताना उमगतात.

२३ जुलै २०२४ पासूनचे दर: शेअर आणि इक्विटी फंड १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, त्यातले वर्षाचे पहिले सव्वा लाख करमुक्त. त्याआधी विकले तर २० टक्के. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षे ठेवला तरी तुमच्या स्लॅबने.

घसरणीत डेटमधून इक्विटीत जाताना कर किती लागतो? लिक्विड फंडातून (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा डेट फंड) १.४४ लाख काढले आणि त्यावर आतापर्यंत १२ टक्के वाढ झालेली असेल, तर त्या रकमेतला नफा साधारण १५,४०० रुपये. तीस टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट ४,८०० रुपये. यासाठी निर्णय अडवून ठेवू नये.

चढावर इक्विटी विकताना कर मोठा वाटतो, पण आकडा बघा. ६५ टक्क्यांच्या पट्ट्याला विकायचे फक्त १.१४ लाख. खरेदीची किंमत निम्मी असेल तर नफा ५७ हजार. वर्षात दुसरा नफा नसेल तर कर शून्य.

युनिट्स आपल्याला हवी ती विकता येत नाहीत. एका फोलिओत (फंडातल्या आपल्या खात्यात) जे आधी घेतले ते आधी विकले गेले असे धरतात. त्यामुळे जुनी, जास्त नफ्याची युनिट्स आधी जातात. कर वाढतो, पण एक्झिट लोड टळतो. शेअर्सना हाच नियम प्रत्येक डिमॅट खात्याला वेगळा लागतो.

आता तोट्याचा उपयोग. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्ही नफ्यांतून वजा होतो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. एक दिवस उशीर झाला की पुढे ओढण्याचा हक्क गेला.

दोन खाचखळगे सांगतो. पहिला: सव्वा लाखाची सूट तोटा वजा केल्यानंतर मिळते. वर्षात १.२० लाख दीर्घकालीन नफा आहे, कर तसाही शून्य. अशा वर्षी ५० हजारांचा तोटा मुद्दाम नोंदवला तर तो आधी त्या करमुक्त नफ्यात जिरतो आणि वाया जातो. दुसरा: शेअर तोट्यात विकून त्याच दिवशी परत घेतला तर तो व्यवहार इंट्राडे (एकाच दिवसातली खरेदी-विक्री) ठरतो आणि तोटा सट्ट्याच्या खात्यात जातो, भांडवली राहत नाही. दुसऱ्या दिवशी घ्यावा. अमेरिकेत तोच शेअर परत घ्यायला ३० दिवसांची आडकाठी आहे, तशी आपल्याकडे नाही. डिव्हिडंड आणि बोनसच्या तारखांभोवतीच्या व्यवहारांना मात्र वेगळी कलमे लागतात.

---

तिरकट

हे सगळं ‘पडलेला बाजार परत वर येतो’ या गृहीतकावर उभं आहे. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा परत दिसला २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं रीबॅलन्सिंग करत बसा.

---

ताळेबंद

तिरकटसाहेब, मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच १०० टक्के इक्विटी न ठेवता ६० ठेवली. पट्ट्याच्या नियमाने दर खेपेला डेटमधला लहानसा तुकडाच जातो. बाजार अर्धा झाला तरी ६०:४० वाल्याची इक्विटी आधी १२ लाख होती, नंतर सगळं हलवूनही पावणेआठ लाखांच्या आसपास. बाजार तिथेच वर्षानुवर्षं लोळत पडला तर नवीन खेप क्वचितच होते, कारण हिस्सा फक्त डेटच्या व्याजाने सावकाश हलतो. तोटा होतो, नाश होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सेन्सेक्स जानेवारी २००८ ला २१ हजारांवर जाऊन आला आणि मार्च २००९ ला ८ हजारांच्या घरात होता. नोव्हेंबर २०१० ला जुन्या पातळीला शिवला, पण तिथून टिकून वर जायला २०१३ चं वर्षअखेर उजाडलं. पाच-सहा वर्षं धरूनच चाला. तीन वर्षांत लागणारा पैसा वेगळा ठेवा म्हणतो ते यासाठीच, आणि पाच वर्षांचा वेगळा ठेवला तरी मी हरकत घेणार नाही.

---

खडखडीत

आणि हे इंडेक्सपुरतं. एकेका शेअरला हा नियम लावू नका! इंडेक्समधून बुडणारी कंपनी बाहेर जाते, दुसरी येते. तुमच्या डिमॅटमध्ये ती तशीच राहते.

येस बँक ऑगस्ट २०१८ ला ४०० रुपयांच्या आसपास होती. खाली येताना प्रत्येक पायरीवर ‘ॲव्हरेज’ करणारे, म्हणजे आणखी घेऊन सरासरी किंमत उतरवणारे, होते. ५ मार्च २०२० ला मोरेटोरियम (पैसे काढण्यावर बंधन) लागला. नंतरच्या पुनर्रचनेत ज्यांच्याकडे १०० हून जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले. म्हणजे भाव पडला तो पडला, विकण्याचीही सोय गेली. कुठलाही एक शेअर एकूण पोर्टफोलिओच्या ५ टक्क्यांवर न्यायचा नाही आणि ही मर्यादा खरेदीच्या किमतीवर मोजायची. नाहीतर भाव पडला की ‘आता तीनच टक्के आहे, अजून जागा आहे’ असं म्हणत माणूस खड्ड्यात पैसे टाकत राहतो.

---

मोजूनमापून

स्मॉलकॅपलाही (छोट्या कंपन्यांचे शेअर) हेच थोड्या प्रमाणात. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळात निफ्टी स्मॉलकॅप १०० सुमारे दोन तृतीयांश उतरला. मधल्या काळात निफ्टी ५० मात्र नवे उच्चांक करत होता. इक्विटीला एकच डबा समजून पट्टा लावला तर आतली ही पडझड दिसतच नाही.

पोर्टफोलिओत १० टक्के स्मॉलकॅप असेल तर त्याला पाच टक्क्यांचा सरळ पट्टा निरुपयोगी. तो ५ टक्क्यांवर यायला निम्म्याहून जास्त पडावा लागेल. छोट्या हिश्श्याला स्वतःच्या पाव भागाचा पट्टा द्या: साडेसात ते साडेबारा.

स्मॉलकॅप आणि मिडकॅप फंडांचे स्ट्रेस टेस्टचे आकडे मार्च २०२४ पासून दर महिन्याला जाहीर होतात. पोर्टफोलिओचा २५ आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील ते त्यात असतं. मोठ्या फंडाला जास्त दिवस लागणं साहजिक आहे. पण दोन सारखे फंड असतील आणि एकातून कमी करायचं असेल तर हा आकडा निवडीला उपयोगी पडतो.

---

हातचा

प्रत्यक्ष पैसे हलवताना काय होतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

इक्विटी फंडाची त्या दिवशीची एनएव्ही (एका युनिटचा भाव) मिळायला दुपारी तीनच्या आत अर्ज पुरत नाही, पैसेही फंडाच्या खात्यात पोचलेले लागतात. फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, हाच नियम. ‘साडेबाराला पैसे भरले तरी उद्याची एनएव्ही का’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: पैसे मधल्या एखाद्या खात्यात थांबलेले असतात.

लिक्विड फंड विकला की पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी. इन्स्टंट रिडेम्प्शनची (लगेच पैसे मिळायची) सोय आहे, पण दिवसाला एका योजनेतून ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, यात जे कमी असेल तेवढंच. इक्विटी फंडाचे पैसे यायला दोन-तीन कामकाजाचे दिवस लागतात. म्हणजे पट्टा सोमवारी संध्याकाळी तुटला, मंगळवारी लिक्विड विकला, बुधवारी पैसे आले, तर बुधवारी किंवा गुरुवारी खरेदी.

एका दिवसाच्या आपटीचा पाठलाग जमत नाही तो यामुळे. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी ५.९ टक्के पडून २१,८८४ ला बंद झाला. ७ जूनला २३,२९० वर, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. ४ जूनला पैसे भरूनही त्याच दिवसाची एनएव्ही मिळाली नाही अशा तक्रारी ढिगाने आल्या. घाई करून मिळालं काय? मनस्ताप.

ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) वापरणाऱ्यांना वेळेचा फायदा आहे, पण गोंधळाच्या दिवशी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नये. युनिटचं खरं मूल्य (फंडाच्या संकेतस्थळावर आय-एनएव्ही दिसते) आणि बाजारातला भाव यांत चांगलंच अंतर पडतं. आय-एनएव्ही बघून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाका. भाव त्याच्या अर्धा टक्का वर असेल तर सरळ थांबा.

इंडेक्स १० टक्के पडला की सगळा बाजारच थांबतो. दुपारी एकच्या आधी झालं तर ४५ मिनिटं, एक ते अडीचमध्ये १५ मिनिटं, अडीचनंतर थांबत नाही. १५ आणि २० टक्क्यांना पुढची बंधनं आहेत. २३ मार्च २०२० ला पहिल्या तासातच हा ब्रेक लागला होता. फंडाचे अर्ज मात्र तेव्हाही चालू असतात, कारण एनएव्ही दिवसअखेरीला ठरते.

---

तिरकट

हातचाताई, पोस्ट एक नंबर. पण एक सांगा, पट्टा तुटला की सगळी रक्कम एकदम टाकायची की तीन हप्त्यांत?

---

हातचा

ताळेबंदांच्या हिशोबात हप्ते आपोआपच पडलेत: ८९ हजार आणि ७९ हजार. त्या ८९ चे परत तीन करायचे म्हणजे कांद्याची पात चिरून वर परत चिरणं. रक्कम पोर्टफोलिओच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर एकदम.

---

मोजूनमापून

मी याच्याशी सहमत नाही. हिशोबाने तुमचंच बरोबर आहे, पण आठवडाभरात आणखी दहा टक्के पडलं की लोक नियमच सोडून देतात. तीन आठवडे, तीन सारखे हप्ते, तारखा आधी लिहून. दोन टक्के इकडेतिकडे झालं तरी नियम टिकतो.

---

पेन्शनपाणी

निवृत्त मंडळींसाठी हा हिशोब उलट्या बाजूने बघावा लागतो. पैसे घालण्याचा प्रश्न नसून काढण्याचा असतो.

इक्विटी फंडातून महिन्याला ३० हजारांचा एसडब्ल्यूपी (दरमहा ठरलेली रक्कम आपोआप काढणं) लावला आहे असं धरा. एनएव्ही १०० असताना ३०० युनिट्स जातात. एनएव्ही ७० झाली की तेवढ्याच पैशाला ४२९. जादा गेलेली १२९ युनिट्स एनएव्ही परत १०० झाली तरी येत नाहीत. वर्षभर असं चाललं तर दीड हजारांहून जास्त युनिट्स कायमची कमी.

म्हणून एसडब्ल्यूपी इक्विटीतून लावूच नये. तीन वर्षांचा खर्च (पेन्शन आणि व्याज वजा जाता जो उरतो तोच) लिक्विड किंवा मनी मार्केट फंडात आणि ठेवींत. एसडब्ल्यूपी तिथून. बाजार वर असताना, पट्टा वरच्या बाजूला तुटला की, इक्विटीतून काढून हा डबा परत भरायचा. बाजार खाली असेल त्या वर्षी डबा भरायचा नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला कमाल ३० लाख ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. महिन्याच्या खर्चातला तेवढा भाग आधी तिथून भागवावा. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा एका बँकेत एका व्यक्तीला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे, हे सहकारी बँकांत सगळी पुंजी ठेवणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

डेटचा डबा भरताना अर्धा-एक टक्का जास्त परताव्यासाठी कमी पतीचे रोखे घेणारे फंड नकोत. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने सहा डेट योजना गुंडाळायला काढल्या आणि पैसे काढणं थांबलं. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण तारीख बघा. इक्विटी तळाला होती त्याला जेमतेम महिना झाला होता. ज्या वेळी डेटमधून पैसे उचलायचे नेमक्या त्याच वेळी कुलूप.

---

खडखडीत

गहाण ठेवलेल्या युनिट्सबद्दल कुणी बोलत नाहीये. इक्विटी फंडावर कर्ज साधारण निम्म्या किमतीपर्यंत मिळतं. १० लाखांची युनिट्स, मर्यादा ५ लाख, उचल साडेचार लाख. बाजार २० टक्के पडला: युनिट्स ८ लाख, मर्यादा ४ लाख, तूट ५० हजार. ती काही दिवसांत भरली नाही तर सावकार युनिट्स विकून टाकतो, तळाच्या भावाला, आणि त्या विक्रीचा भांडवली नफा असेल तर कर तुमच्या डोक्यावर. मार्जिन ट्रेडिंगवर (ब्रोकरच्या उसन्या पैशावर) घेतलेल्या शेअरचं तर याहून वाईट, तिथे मुदत तासांत मोजतात.

असं कर्ज असेल तर पट्टाबिट्टा बाजूला. डेटमधला पैसा आधी कर्ज निम्म्यावर आणायला वापरा.

आणि ‘घसरणीचा विमा’ म्हणून पुट ऑप्शन (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घेणाऱ्यांनी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचावा. तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. विमा म्हणून सुरू होतं आणि पुढच्या एक्स्पायरीला (करार संपायच्या तारखेला) जुगार होतो.

---

सागरपार

परदेशातल्या मंडळींसाठी थोडं.

अनिवासी भारतीयांच्या इक्विटी फंड विक्रीवर फंडच टीडीएस कापून पैसे देतो, दीर्घकालीन नफ्याला १२.५ आणि अल्पकालीनला २० टक्के, वर सेस वगैरे. परतावा मिळवायचा तर भारतात विवरणपत्र भरून. म्हणजे विक्रीची सगळी रक्कम लगेच दुसरीकडे गुंतवता येत नाही, हिशोबात तेवढी कात्री धरा. शेअर्समध्ये अनिवासींना इंट्राडे चालत नाही, डिलिव्हरीच घ्यावी लागते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर भारतीय म्युच्युअल फंडात रीबॅलन्सिंग करण्याआधी तिथल्या कर सल्लागाराला विचारावं. भारतीय फंड तिथल्या कायद्याने ‘पीएफआयसी’ (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) ठरतात, दर वर्षी फॉर्म ८६२१ भरावा लागतो आणि कराची आकारणी नेहमीच्या भांडवली नफ्यासारखी होत नाही. बहुतेकांना भारतातला भाग न हलवता तिथल्या ४०१-के किंवा आयआरए या निवृत्तीच्या खात्यात प्रमाण सुधारणं स्वस्त पडतं. त्या खात्यांत आतल्या आत विक्री केली तर कर नाही.

---

नवखा_गडी

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. तपासायचं कधी? रोज बघायचं का?

---

ताळेबंद

रोज नको. महिन्यातून एकदा शीट भरा आणि वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना सविस्तर बसा. लक्षात राहायला सोपं म्हणून गुढीपाडवा आणि दिवाळी पाडवा ठेवा.

अधेमधे इशारा हवा असेल तर निफ्टीच्या एका आकड्याचा अलर्ट लावा. तुमच्या शेवटच्या रीबॅलन्सिंगच्या दिवशीचा निफ्टी गुणिले ०.८१५. तो वाजेपर्यंत ॲप उघडायचं कारण नाही. इंडिया व्हीआयएक्स (अपेक्षित चढउताराचा निर्देशांक) बघायची हौस असेल तर एवढंच लक्षात ठेवा: आकड्याला १६ ने भागलं की रोजच्या अपेक्षित हालचालीची टक्केवारी साधारण कळते. १६ म्हणजे एक टक्का, ३२ म्हणजे दोन. त्यावरून खरेदी-विक्री ठरवायची नसते.

---

कागदोपत्री

गुढीपाडव्याची तारीख करासाठी धोक्याची आहे. २०२४ ला तो ९ एप्रिलला होता, म्हणजे सूट (तेव्हा एक लाखाची) वापरायचे वर्ष संपलेले. २०२५ ला ३० मार्चला, पण रविवार. आणि ३१ मार्चला ईदची सुट्टी. त्या वर्षी विक्रीचा शेवटचा दिवस शुक्रवार २८ मार्च होता. प्रमाण पाडव्याला तपासा, कराची विक्री (सूट वापरण्यासाठी नफ्यातली युनिट्स विकणे) फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरका.

सूट वापरण्यासाठी विकून परत घेतलेल्या युनिट्सचे १२ महिने आणि एक्झिट लोडची मुदत, दोन्ही नव्याने मोजले जातात. घसरणीत लगेच लागतील अशी युनिट्स यात घालू नयेत.

---

नवखा_गडी

धन्यवाद. माझं प्रमाण ६०:४० नाही, ७५:२५ आहे. ०.८१५ मलाही चालेल का? आणि बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड कुठल्या रकान्यात?

---

ताळेबंद

नाही चालणार. सूत्र असं: (पट्ट्याचा खालचा हिस्सा × डेटचा ठरलेला हिस्सा) ÷ (इक्विटीचा ठरलेला हिस्सा × (१ − पट्ट्याचा खालचा हिस्सा)). ७५:२५ आणि खालची रेघ ७० असेल तर ०.७० × ०.२५ ÷ (०.७५ × ०.३०) = ०.७७८. म्हणजे २२ टक्के घसरणीला अलर्ट. ५०:५० ला ०.८१८, आणि ८०:२० ला ०.७५, म्हणजे चक्क पाव बाजार पडेपर्यंत काही करायचं नाही. निम्म्याच्या वर इक्विटी जितकी जास्त तितका पाच टक्क्यांचा पट्टा उशिरा तुटतो. ८०:२० वाल्यांना लवकर जाग हवी असेल तर त्यांनी पट्टा चारचा करावा, तिथे गुणक ०.७९ येतो.

हलवायची रक्कम: एकूण बेरीज × ठरलेला इक्विटी हिस्सा, वजा सध्याची इक्विटी. उत्तर उणे आलं तर तेवढी विकायची.

बॅलन्स्ड ॲडव्हान्टेजचं (इक्विटी-डेटचं प्रमाण स्वतःच बदलणारा फंड) अख्खं मूल्य इक्विटीत टाकू नका. करासाठी तो ६५ टक्क्यांच्या वर इक्विटी दाखवतो, पण त्यातला मोठा भाग फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) विकून झाकलेला असतो. महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये ‘निव्वळ इक्विटी’ असा आकडा असतो. तो ४५ असेल तर एक लाखातले ४५ हजार इक्विटीच्या रकान्यात, उरलेले ५५ डेटच्या. हा आकडा फंड मॅनेजर बदलत राहतो, त्यामुळे शीट भरताना दर खेपेला नवीन फॅक्टशीट उघडावी लागेल.